पितळखोऱ्याची ओढ्याकाठची वाट: लेकराबाळांसह घालवलेला एक दिवस

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण जालन्याहून पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांना जाऊन आलो. माझी 66 वर्षांची आई, धाकटा भाऊ, माझी 9 वर्षांची मुलगी, भावाचा 5 वर्षांचा मुलगा आणि मी असा आमचा मेळा होता. गुडघे दुखणारी आई आणि हात सोडून पळणारे पोर यांना घेऊन जंगलातल्या ओढ्यापर्यंत उतरावे की नाही, यावर निघण्यापूर्वी घरात दोन दिवस खल चालला होता. ज्यांच्या घरात हाच प्रश्न अडलेला असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे उत्तर असे की जरूर जावे, पण लेणी उरकून परत फिरण्याच्या घाईने जाऊ नये. ओढ्याच्या चालीने चालावे, कारण इथली वाट, इथली झाडी आणि इथली लेणी ही तिन्ही त्या पाण्याशी बांधलेली आहेत.

पितळखोरे कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेत आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळमार्गे कन्नड सुमारे 60 किलोमीटर पडते आणि तिथून आतल्या रस्त्याने लेण्यांच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत एकूण अंतर 80 किलोमीटरच्या आसपास होते. कन्नडला आलेल्या बहुतेक सहली गौताळ्याच्या तलावाकडे वळतात, काठावर डबे सोडतात, सीताखोरीचा धबधबा पाहतात आणि परततात. ती सहलही चांगलीच आहे, आम्ही ती दोनदा केली आहे. पण तिथे जंगल बऱ्याच अंशी गाडीच्या काचेतून पाहिले जाते. गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले असून ते छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत सुमारे 260 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. त्याच अरण्यातली पायी चालण्याजोगी, पाण्याच्या अंगाने जाणारी आणि लेकरांच्या पावलांना झेपेल अशी वाट मला पितळखोऱ्यात सापडली.

गाडी माथ्यावर थांबते, आणि तिथे उभे राहिल्यावर पुढे एवढी खोल दरी असेल असे वाटतच नाही. सपाट पठार, त्यावर गुडघाभर गवत, गवतात तेरड्याची गुलाबी आणि सोनकीची पिवळी फुले, आणि मग पाच-पन्नास पावलांवर जमीन एकदम संपते. पाणी दिसण्याच्या आधी ऐकू येते. माझा भाचा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, “आत्या, इथं कुणीतरी नळ चालू ठेवलाय.” पाण्याचा आवाज म्हणजे नळ, एवढेच ज्या मुलांना ठाऊक आहे, आणि तोही आठवड्यातून एकदा येणारा, त्या मुलांना इथे आणणे मला फार गरजेचे वाटते. आमच्याकडे पावसाळ्यातही टँकर पाहिलेली लेकरे आहेत. वाहते, स्वच्छ, पाय बुडवता येईल असे पाणी त्यांनी आपल्याच मुलखात पाहावे, त्यासाठी कोकणात जावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

खाली उतरायला बांधलेल्या पायऱ्या आहेत, आणि आईला घेऊन जाण्याचा धीर मला त्या पायऱ्यांमुळेच झाला. मात्र पायऱ्या आहेत म्हणजे वाट सोपी आहे असे समजू नये. उतार तीव्र आहे, काही पायऱ्या उंचीला जास्त आहेत, आणि पावसाळ्यानंतर कडेच्या भागावर हिरवा थर धरलेला असतो. आई एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने भावाचा खांदा धरत उतरली, दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबली, आणि आम्ही तिला एकदाही “चल लवकर” म्हटले नाही. त्या थांबण्यामुळे आम्हाला जंगल दिसले, हेही सांगितले पाहिजे. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी पानगळीची झाडे आहेत. धावडा, सालई, पळस, अंजन आणि त्यांच्या पायाशी सीताफळीची दाट झुडपे. सीताफळाला नुकतेच डोळे फुटू लागले होते, आणि आईने मुलांना डोळा उघडलेले फळ आणि न उघडलेले फळ यांतला फरक तिथेच दाखवला. फळ मात्र तोडू दिले नाही. अभयारण्यातले फळ अभयारण्याचेच, हे तिने ज्या सुरात सांगितले त्यावर पुढे कुणी हट्ट केला नाही.

पायऱ्या जिथे ओढ्याला भिडतात तिथून पुढे या वाटेचे खरे सुख आहे. वरच्या अंगाला ओढा कड्यावरून कोसळतो आणि लेण्यांच्या पायाशी येईपर्यंत खडकांतून पायऱ्या-पायऱ्यांनी वाहत येतो. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्याने लवकर झिजतो, कठीण थर तसाच पुढे राहतो, आणि म्हणून पाणी असे टप्प्याटप्प्याने उड्या मारत उतरते. प्रत्येक उडीच्या खाली एक लहानसा डोह असतो. त्यातला सगळ्यात उथळ, मुलीच्या घोट्याच्या जरा वरपर्यंत पाणी असलेला एक डोह पाहून आम्ही तिथे बसलो आणि पाऊण तास उठलो नाही. मुलगी एका सपाट दगडावर पालथी झोपून पाण्यात पाहत होती. दगडाच्या खाचेत एक खेकडा होता, बोटाएवढाच, तांबूस. पाण्याची लाट आली की तो आत जायचा, लाट ओसरली की दोन डोळे आधी बाहेर काढायचा, मग एक नांगी, मग दुसरी, आणि मग पुन्हा आत. तिने तो खेळ किती वेळा पाहिला ते मोजले नाही, पण घरी एका जागी पाच मिनिटे न बसणारी ही मुलगी तिथे हलली नाही. भाच्याने काठीने खाच उकरायला घेतली तेव्हा तिनेच त्याचा हात धरला.

इथेच आमचा एक लहानसा अपघातही झाला. भाच्याला सहलीसाठी नव्या चपला घेतल्या होत्या आणि दुकानदाराने त्या पाण्यात चालण्यासाठीच असतात असे सांगून दिल्या होत्या. तळवा गुळगुळीत होता, हे आमच्याही लक्षात यायला हवे होते. ओल्या खडकावर शेवाळ कोवळे असले की ते काळ्या दगडाच्या रंगात मिसळून जाते आणि दिसत नाही. दुसऱ्याच पावलाला तो घसरला, कोपर खरचटले, आणि नशिबाने पाण्याकडे न जाता माझ्या भावाच्या पायाशी आला. म्हणून सांगते, मुलांना खाचाखोचांचा रबरी तळवा असलेले जुने, पायाला बसलेले बूट घाला, ते भिजले तरी भिजू द्या. मोठ्यांनीही चपलांवर जाऊ नये. आणि कोरडा दगड दिसला तरी आधी काठी टेकावी, मग पाय.

आता लेण्यांविषयी. ही लेणी बौद्ध आहेत, एकूण 14, आणि त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानली जातात, म्हणजे अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांच्याच पिढीतली. मोठा समूह ओढ्याच्या एका काठाला आहे आणि लहान समूह पलीकडे, समोरच्या कड्यात. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची होते, कारण दर्शनी भाग बराच ढासळलेला आहे. इथला खडक तितका एकसंध नाही, त्यात पाणी मुरते, आणि दोन हजार वर्षे वरून झिरपणाऱ्या पाण्याने दर्शनी भागाच्या पट्ट्या खाली उतरवल्या आहेत. पण ओढ्याकाठी तासभर बसून मग लेण्यांकडे गेले की हीच पडझड वेगळी दिसते. जे पाणी आपण आत्ता पायावर घेतले, तेच या भिंतीत शिरत आलेले आहे, हे मुलांनाही समजते. मुलीने छताकडे बोट दाखवून विचारले, “आजी, हे गळतंय का आपल्या घरासारखं?” आई हसली आणि म्हणाली, “हो गं, पण यांचं घर आपल्यापेक्षा लई टिकलं.”

ज्यांनी ही लेणी खोदली त्यांना पाण्याची पूर्ण जाणीव होती, याचा पुरावा चौथ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, आणि एकच लेणे नीट पाहायचे असेल तर मी हेच पाहायला सांगेन. जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. प्रत्येक हत्ती समोरून अंगावर येणारा, अंगावरच्या घंटा आणि साखळ्या सोनाराने घडवाव्यात तशा. काही हत्तींची सोंड गेली आहे, काहींचे अर्धे तोंड, त्यामुळे मुलांचे मोजणे काही केल्या जुळेना. भाचा मोडका हत्ती धरायला तयार नव्हता आणि मुलगी सोडायला. दाराच्या दोन बाजूंना भाला आणि ढाल घेतलेले द्वारपाल उभे आहेत, दोन हजार वर्षांचे असूनही पागोट्याची घडी आणि अंगातल्या वस्त्राची चुणी स्पष्ट दिसते. आणि त्याच दारापाशी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. वरच्या खडकातून येणारे पाणी खोदलेल्या नळीने या नागापर्यंत आणून त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी ती योजना होती. येणाऱ्या भिक्षूच्या, यात्रेकरूच्या पायावर ते पाणी पडत असणार. वरून येणारे पाणी अडवून, वळवून, शोभा आणि उपयोग दोन्ही साधणारे हे काम पाहून माझा भाऊ, जो ठिबक सिंचनाचे साहित्य बसवण्याचे काम करतो, बराच वेळ त्या खाचांवरून बोट फिरवल्यासारखे करत, हात न लावता, उभा राहिला. पाणी कुठून घेतले असेल, उतार किती दिला असेल, असे तो एकटाच बोलत होता.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचे प्रार्थनागृह, शेजारीच आहे. अष्टकोनी खांब, आणि त्यांवर नंतरच्या काळात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, अजिंठ्याच्या धाटणीने काढलेल्या चित्रांचे अवशेष. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. मोबाइलच्या दिव्याचा झोत चित्रांवर टाकू नये. दारातून येणाऱ्या उजेडात दिसते तेवढे पुरेसे आहे. याच लेण्यातल्या खांबांवरच्या लेखांत दान देणारे लोक प्रतिष्ठानचे, म्हणजे आपल्या पैठणचे असल्याचे सांगितले आहे, आणि त्यांत एक गंधिक, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला आहे. इथल्या लेखांत मगिल नावाच्या एका राजवैद्याचे दानही नोंदलेले आहे. राजा-महाराजांच्या नावांऐवजी अत्तरवाला आणि वैद्य भेटतात, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्ग याच डोंगरातून खाली उतरत होता, आणि आजही सोलापूर-धुळे महामार्ग जवळच्याच औट्रम घाटातून खानदेशात उतरतो. डोंगराने दिलेली वाट माणसाने सोडलेली नाही.

इथला एक शिल्पखंड मात्र इथे पाहायला मिळत नाही. पोट सुटलेला, हसरा, डोक्यावर वाडगे धरलेला एक बुटका यक्ष इथे सापडला होता, आणि त्याच्या हातावर कोरलेले आहे की कण्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचे छायाचित्र मी घरूनच छापून नेले होते आणि चौथ्या लेण्यासमोरच्या अंगणात मुलांना दाखवले. हत्तींवरच्या साखळ्या सोनाराने घडवल्यासारख्या का वाटतात, याचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. लेण्यांपाशी माहिती सांगणारे कोणी भेटेलच असे नाही, म्हणून पालकांनी असे काहीतरी हाताशी ठेवावे, मुलांचा रस दुप्पट होतो.

पलीकडच्या लहान लेण्यांत स्तूप आहेत. तिकडे मी आणि भाऊ आळीपाळीने जाऊन आलो. आईला तो चढ-उतार नको होता. लहान मुलांसाठी ते टाळले तरी काही बिघडत नाही.

सुरक्षिततेबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण कुटुंबासह जाणाऱ्यांना त्याचीच चिंता असते. पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. दरीत लख्ख ऊन असले तरी माथ्यावरच्या पठारावर सर पडली की ते सगळे पाणी याच अरुंद ओढ्यात येते. आम्ही दुपारी दीडच्या सुमारास पुन्हा डोहापाशी आलो होतो. आमच्या डोक्यावर ऊन होते. तेवढ्यात पायऱ्यांवरून एक म्हातारे गुराखी ओरडले, “ताई, पाणी गढूळ व्हायलंय, लेकरं वर घ्या!” मी खाली पाहिले तर खेकड्याची खाच दिसेनाशी झाली होती, पाण्यावर काड्या आणि पालापाचोळा यायला लागला होता. आम्ही दोन मिनिटांत पायऱ्यांवर गेलो. अर्ध्या तासाच्या आत, जिथे पाणी मुलीच्या घोट्याशी होते, तिथे ते तिच्या कमरेपर्यंत गेले असते. पाणी गढूळ होणे, पाला वाहून येणे, आवाज जाड होणे, ही तिन्ही लक्षणे मुलांनाही शिकवून ठेवावीत, आणि कितीही शांत दिसले तरी धबधब्याच्या थेट खाली कुणीही उभे राहू नये. जुलै-ऑगस्टच्या ऐन पावसात लहान मुलांना घेऊन ओढ्यापर्यंत उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माथ्यावरून पाहून परतावे.

दुसरी गोष्ट आग्यामोहोळाची. अशा कड्यांच्या कपारींत ती पोळी असू शकतात, त्यामुळे अत्तर लावून जाऊ नये, आरडाओरडा करू नये, धूर तर मुळीच करू नये. तिसरा प्रश्न आई निघण्यापूर्वीच विचारत होती, तो वाघाचा. 2021 च्या मार्चमध्ये गौताळ्यात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला होता, आणि तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला होता. बिबट्या तर या डोंगरांत आहेच. म्हणून सकाळी उजाडल्यावर उतरावे, ऊन कलण्याच्या आत वर यावे, आणि मुलांना नेहमी दोन मोठ्यांच्या मधे चालवावे. आम्हाला दिसली ती माकडे, एक मोर, आणि पायऱ्यांच्या वळणावर लांब पांढरी शेपटी फडकवत गेलेला स्वर्गीय नर्तक. मुलीला तो पक्षी फक्त अर्धा क्षण दिसला आणि ती अजून त्याचेच चित्र काढते.

खाण्यापिण्याची सोय घरूनच करून निघावी. आम्ही धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि माणशी दोन लिटर पाणी नेले होते. पाणी सगळे संपले, चढताना लागते. खाणे खालच्या डोहाकाठी न उघडता वर माथ्यावर, गाडीजवळ उघडावे. माकडे पिशवीचा आवाज ओळखतात आणि मुलांच्या हातातून घेऊन जातात. स्वच्छतागृहासाठी कन्नडलाच थांबून घ्यावे. डोहाच्या काठी खडकांच्या फटीत चिप्सची रिकामी पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या अडकलेल्या पाहून मला खरोखर वाईट वाटले. आम्ही एक पिशवी भरून वर आणली, आणि ती भरायला वीस पावलांच्या पुढे जावे लागले नाही. जो जाईल त्याने एक रिकामी पिशवी खिशात ठेवावी, एवढी विनंती आहे.

हंगामाचे म्हणाल तर सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचे दिवस कुटुंबासाठी सर्वांत योग्य. हिवाळा सरत जातो तसा ओढा बारीक होतो, उन्हाळ्यात खडकच उरतात, आणि तेव्हा इथली पायपीट मुलांना झेपण्यासारखी नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा केवळ लेणी आणि जंगल पाहायला मोठ्यांनी जावे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी, तसेच अलीकडेच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी माथ्यावरच बसावे. तिथून दरी छान दिसते, पण चाकाची खुर्ची खाली नेता येणार नाही. पलीकडे खानदेशात पाटणादेवीच्या मंदिराच्या बाजूनेही या खोऱ्यात चालत येता येते, केदारकुंड आणि धवलतीर्थ ही पाण्याची ठिकाणे त्याच अंगाला आहेत, पण ती वाट सराव असलेल्या मोठ्या माणसांची आहे आणि लहान मुलांना घेऊन तिचा विचार करू नये.

परतीचा चढ भाच्याने मामा-मामा करत, म्हणजे माझ्या मुलीचे ऐकून स्वतःच्या बापालाच मामा म्हणत, दहा मिनिटांत संपवला. आईला चाळीस मिनिटे लागली. शेवटच्या वळणावर ती बसली, बूट काढून पाय चोळले, खालून येणाऱ्या आवाजाकडे कान दिला आणि म्हणाली, “आता पाणी निवळलं असेल बघ.” मुलगी कठड्याशी जाऊन वाकून पाहून आली. अजून निवळले नव्हते. मग आम्ही तिथेच, माथ्यावरच्या गवतात, धपाट्यांचा डबा उघडला.